याकोबाचे पत्र : सही कोणाची आणि मजुरी कोणाची?

बायबलाच्या नव्या करारात २७ पुस्तके आहेत आणि त्यांतली २१ चक्क पत्रे आहेत. पोस्टाने नव्हे, माणसाच्या हातून गावोगाव गेलेली. त्यांतले एक लहानसे पत्र मी गेली काही वर्षे अधूनमधून वाचत असतो. पाच अध्याय, १०८ ओव्या (त्यांना वचने म्हणतात, पण माझ्या तोंडी ओव्याच येते). नाव 'याकोबाचे पत्र'. मी ख्रिस्ती नाही. आमचे घर माळकरी. तरी हे पत्र सुटत नाही, आणि त्याबद्दल एकदा नीट लिहायचे फार दिवस मनात होते.

आमचे चिखला म्हणजे भंडारा जिल्ह्यातले, तुमसर तालुक्यातले गाव. ओळख विचाराल तर मँगनीजची भूमिगत खाण, आणि आजूबाजूला धानाच्या बांध्या. अशा ठिकाणी बसून दोन हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक भाषेतले पत्र कोणी का वाचावे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पुढे येईलच. आधी तो प्रश्न घेऊ, जो या पत्राचे नाव काढताच अभ्यासू माणसे विचारतात : हे लिहिले कोणी?

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. आपल्याकडे 'नामा म्हणे' असे शेवटी आले की तो अभंग संत नामदेवांचाच असेल अशी खात्री देता येत नाही, कारण विष्णुदास नामा आणि आणखी काही नामे होऊन गेले. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर आणि अभंग लिहिणारे ज्ञानेश्वर एकच की दोन, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या टोपणनावाने 'सुधारक' पत्रात लेख आले आणि मोठा वाद झाला. त्याच्याही कितीतरी आधी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला. म्हणजे ज्या ग्रंथावर जीव आहे त्याची चिकित्सा करणे ही आपल्याकडे नाथांची परंपरा आहे, पाखंड नव्हे. आणि पत्राचीच गोष्ट काढायची तर चांगदेवांची आठवा. ज्ञानेश्वर वयाने लहान पण अधिकाराने मोठे, तेव्हा मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून चांगदेवांनी कोरेच पत्र पाठवले अशी कथा आहे. उत्तरादाखल ६५ ओव्या आल्या. मायन्यातच कधी कधी सगळा पेच असतो, तो असा.

याकोबाच्या पत्राचा पेचही मायन्यातच आहे. लिहिणारा स्वतःला देवाचा आणि येशू ख्रिस्ताचा दास म्हणवतो, नाव सांगतो याकोब, आणि पत्र पाठवतो जगभर विखुरलेल्या बारा वंशांना. बस्स. कुठला याकोब, कोणाचा मुलगा, कुठून लिहितोय, काही नाही. शेवटी नमस्कार-चमत्कार नाहीत, अमक्याला सलाम सांगा नाही. पौलाची पत्रे वाचून इथे आलेल्याला हे फार कोरडे वाटते.

इथे मराठी वाचकाचा एक फायदा आहे. इंग्रजीत या पत्राला 'जेम्स' म्हणतात, त्यामुळे तिथल्या वाचकाच्या हातून एक धागा सुटतो. मूळ ग्रीक नाव 'याकोबोस', म्हणजे जुन्या करारातला याकोबच. त्या जुन्या याकोबाला बारा मुलगे होते आणि त्यांचेच बारा वंश झाले. याकोबाने बारा वंशांना लिहावे, यात बापाने लेकरांना चार शब्द सांगावेत असा सूर आहे. मराठी बायबलाने नाव आहे तसे ठेवले म्हणून तो आपल्याला ऐकू येतो.

आता उमेदवार पाहू. नव्या करारात याकोब नावाचे बरेच जण आहेत. जब्दीचा मुलगा याकोब हा येशूच्या बारा शिष्यांपैकी. पण राजा हेरोद अग्रिप्पाने इसवी सन ४४च्या सुमारास त्याला ठार केले, म्हणून पत्रासाठी तो फार लवकरचा. अल्फीचा मुलगा याकोब हाही शिष्य, पण त्याच्याबद्दल नावापलीकडे फारसे काही सांगितलेलेच नाही. नुसते 'याकोब' म्हटले की सगळ्यांनी ओळखावे असा एकच उरतो, तो म्हणजे 'प्रभूचा भाऊ' म्हटला गेलेला, यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख. (भाऊ म्हणजे सख्खा, सावत्र की चुलत-मावस, यावर ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत. कॅथलिक परंपरा जेरोमच्या मागे जाऊन नात्यातला भाऊ असे मानते.)

हा याकोब काल्पनिक नाही. जोसेफस नावाच्या ज्यू इतिहासकाराने त्याच्या मृत्यूची हकीकत लिहून ठेवली आहे. इसवी सन ६२. एक रोमन सुभेदार मेलेला, दुसरा अजून वाटेत. ती संधी साधून प्रमुख याजक अनानस याने घाईने न्यायसभा बोलावली आणि याकोबाला व आणखी काहींना दगडमार करून मारवले. गावातल्या न्यायी लोकांना हे आवडले नाही, तक्रार वरपर्यंत गेली आणि अनानसाला तीन महिन्यांतच पद सोडावे लागले.

पत्र याच याकोबाचे असेल तर ते ६२च्या आधीचे, म्हणजे नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लेखनांपैकी. पण अभ्यासकांच्या शंका हलक्या नाहीत. पत्राचे ग्रीक घडीव आहे. गालीलच्या सुताराच्या घरातल्या माणसाला इतके ग्रीक येत असेल का? येशूचा भाऊ असता तर निदान एखादी आठवण सांगितली नसती का? येशूचे नाव अख्ख्या पत्रात फक्त दोनदा येते, वधस्तंभ आणि पुनरुत्थान यांचा तर उल्लेखही नाही. आणि एवढ्या मोठ्या माणसाचे पत्र, तर सुरुवातीच्या दोन शतकांत त्याचे नाव का ऐकू येत नाही? नाव घेऊन त्याचा हवाला देणारा पहिला मोठा लेखक ओरिजेन, तो तिसऱ्या शतकातला. चौथ्या शतकात युसेबियस या पत्राला वादग्रस्त पुस्तकांत घालतो, आणि बहुतेक मंडळ्यांत ते वाचले जाते हेही लगेच सांगतो. इसवी सन ३६७ मध्ये अथनासियसने २७ पुस्तकांची यादी दिली तीत मात्र ते आहे.

दुसऱ्या बाजूलाही वजन आहे. पुढे कोणी मोठेपणासाठी याकोबाचे नाव लावले असते, तर 'प्रभूचा भाऊ' हा किताब सोडून नुसते 'दास' का लिहिले असते? खोटी सही करणारा पदवी आधी लावतो. पत्रात आगोटीचा आणि शेवटचा असे दोन पाऊस येतात, ते त्या मुलखातल्या शेतकऱ्याचे. सभेसाठी 'सिनेगॉग' हा ज्यू शब्द येतो. आणि पानोपानी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचे पडसाद आहेत. शपथ वाहू नका, होय ते होय आणि नाही ते नाही, अशा धर्तीचे. पण ते 'येशूने असे म्हटले' म्हणून येत नाहीत. घरात रोज ऐकलेले बोल माणसाच्या बोलण्यात मिसळून जावेत तसे येतात.

मग निकाल काय? माझा कल असा : शिकवण यरुशलेमच्या याकोबाची असावी, आणि चांगले ग्रीक जाणणाऱ्या कोणी तरी, त्याच्या हयातीत वा नंतर, तिला हा पेहराव दिला असावा. बरेच अभ्यासक अशी मधली वाट धरतात. तिचा हट्ट मात्र मी धरणार नाही.

हट्ट धरायचा तो पुढच्या गोष्टीसाठी. माझे म्हणणे असे की 'सही कोणाची' हा प्रश्न या पत्राच्या बाबतीत फार वेळा मजकूर टाळण्यासाठी वापरला गेला आहे.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मार्टिन ल्यूथरचे. १५२२ साली त्याने नवा करार जर्मनमध्ये आणला तेव्हा प्रस्तावनेत या पत्राला गवताची, कडब्याची उपमा दिली. ते प्रेषिताचे नाही असे ठरवून आणखी तीन पुस्तकांसह शेवटी ढकलले. (पुढच्या आवृत्त्यांत ती कडब्याची उपमा गळाली, आणि पत्रात चांगले काय तेही त्याने लिहिले आहे, हे सांगणे न्यायाचे.) ल्यूथरची अडचण खरी होती. पौल रोमकरांना लिहितो की माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून, विश्वासाने नीतिमान ठरतो. ल्यूथरने भाषांतर करताना तिथे 'केवळ' हा शब्द आपल्या पदरचा घातला. आणि गंमत पाहा, 'केवळ विश्वासाने' हे शब्द मूळ ग्रीक नव्या करारात एकाच जागी येतात, याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात, आणि तेही 'केवळ विश्वासाने नव्हे' असे! दोघेही दाखला देतात तो अब्राहामाचाच, आणि ओळही तीच. तेव्हा ल्यूथरला पौल आणि याकोब यांतला एक निवडावा लागला.

मराठीत हा वाद इतका टोचत नाही, त्याला कारण भाषांतर. ग्रीकमध्ये दोघांचा शब्द एकच आहे, 'एर्गा'. माझ्याजवळच्या मराठी बायबलात पौलाच्या तोंडी 'कर्मे' आहे आणि याकोबाच्या तोंडी 'क्रिया'. दोन शब्द झाले की भांडण अर्धे मिटते. मला वाटते भाषांतरकाराने अर्थ नेमका पकडला. पौल बोलतो ते सुंता, सोवळेओवळे, खाण्यापिण्याचे नियम या धर्मकर्माबद्दल, आणि आपल्याकडे 'कर्मकांड' म्हटले की तेच डोळ्यांपुढे येते. याकोब बोलतो ते उपाशी माणसाला भाकर देण्याबद्दल. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्ख्या बायबलाचे भाषांतर केले. साध्या बाईला कळेल अशी मराठी असावी आणि जुन्या धार्मिक शब्दांच्या सावल्या अर्थावर पडू नयेत, यासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, आणि बायबल १९२४ साली बाहेर आले. 'कर्म' आणि 'क्रिया' हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहिले की त्यांची ती काळजी किती खरी होती हे पटते.

तरीही 'विश्वास विरुद्ध क्रिया' हा या पत्राचा गाभा आहे, हे मला पटत नाही. तो गाभा ल्यूथरने ठरवून दिला, आणि त्याच्या विरोधकांनीही तोच धरून ठेवला. पत्र लिहिणाऱ्याने काय ठरवले होते? दुसरा अध्याय मधूनच न उघडता पहिल्या ओवीपासून वाचा.

सुरुवात होते एका सभेपासून. बोटात सोन्याची अंगठी घातलेला, भारी कपड्यांतला माणूस येतो. त्याला म्हणतात, या, इथे बसा. मळक्या कपड्यांतला गरीब येतो. त्याला म्हणतात, तू तिकडे उभा राहा, नाहीतर इथे माझ्या पायाशी बस. (आपल्याकडे लग्नाच्या मांडवात हे कधीही पाहायला मिळते. सोफा कोणाला आणि सतरंजी कोणाला, हे काही विचारावे लागत नाही.) याकोब म्हणतो, हा भेदभाव आहे, आणि जो विश्वास तुम्ही सांगता त्याच्याशी हा जुळत नाही. मग दुसरे चित्र : अंगावर धड कपडा नाही, घरात आजचे अन्न नाही, अशा भावाबहिणीला 'सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा' असे म्हणायचे आणि द्यायचे काहीच नाही. ही दोन चित्रे झाल्यावरच 'विश्वास मेलेला' हे वाक्य येते. म्हणजे तो सिद्धान्त बसायच्या जागेतून आणि रिकाम्या ताटातून निघालेला आहे. जागा आणि ताट काढून टाका, सिद्धान्त तेवढा ठेवा, मग भांडायला पाचशे वर्षे पुरतात.

पाचव्या अध्यायात तो आणखी पुढे जातो. श्रीमंतांनो, ज्यांनी तुमची शेते कापली त्यांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, आणि कापणाऱ्यांची हाक सेनाधीश परमेश्वराच्या कानी गेली आहे, असा त्याचा आशय. मजूर ओरडतोच, पण इथे खुद्द मजुरीच ओरडते आहे.

याचे मूळ जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नको, न्याय करताना तोंड पाहू नको, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही तिन्ही वाक्ये तिथे थोड्या थोड्या अंतरावर आहेत आणि तिन्ही याकोबाच्या पत्रात येतात. मला विचाराल तर पत्राचा खरा गाभा हाच. देवाचे नाव घेणाऱ्याने माणसाचे तोंड पाहून वागू नये, आणि कोणाच्या घामाचा पैसा दाबून ठेवू नये. जिभेला आवर, विधवा-अनाथांची विचारपूस, आजाऱ्यासाठी प्रार्थना, उद्याच्या धंद्याचे बेत आखताना जरा नम्रपणा, हे सगळे त्याच झाडाच्या फांद्या.

आता चिखल्यात हे का वाचायचे ते सांगतो. आमच्या झाडीपट्टीत वर्षातून दोनदा मजुरीचा हंगाम येतो, रोवणीचा आणि धानकापणीचा. आमच्या शेजारी एक मावशी राहतात, सगळे आयुष्य बांधीत आणि गिट्टीवर गेलेले. रस्त्याच्या एका कामावर ठेकेदाराने त्यांचे आणि आणखी काही बायांचे पैसे 'पुढच्या हप्त्यात देतो' म्हणत तसेच ठेवले होते. हजेरी होती, पण ती त्याच्याच वहीत. एका संध्याकाळी मी त्यांना ही मजुरीची ओवी सोपी करून सांगितली. कुठल्या धर्माचे, कोणी लिहिले, हे त्यांनी विचारले नाही. त्या म्हणाल्या, "मंग भेटले का गा पैसे त्याईले?"

मी गप्प बसलो. कारण पत्रात त्याचे उत्तर नाही.

भारतात मजुरी वेळेवर देण्याचा कायदा १९३६ साली झाला. त्या कायद्यात मुदत अशी होती : हजारापेक्षा कमी माणसे असतील तर पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत, जास्त असतील तर दहाव्या दिवसाच्या आत. तारीखसुद्धा ठरवून द्यावी लागली, यातच सगळे आले. लेवीयाची मुदत सकाळपर्यंतची होती. कायद्याने ती लांबवून दिली, तरी पाळताना नाकी नऊ येतात.

कोणी म्हणेल, मग लेखक कोण हे शोधायचेच कशाला? मजकूर चांगला आहे, पुरे झाले. हेही मला मान्य नाही. लेखकाचा शोध घेतला म्हणूनच हे कळते की यरुशलेमची मंडळी गरीब होती, इतकी की पौल दूरदूरच्या मंडळ्यांतून त्यांच्यासाठी वर्गणी गोळा करत होता. त्या मंडळीच्या प्रमुखाचा हा आवाज असेल, तर पायाशी बसवलेला गरीब म्हणजे त्याच्या घरचाच माणूस. आणि पत्र पुढच्या पिढीतल्या कोणाचे असेल, तर आणखीच विचार करण्यासारखे आहे : सभेत पैसेवाले यायला लागले, खुर्च्या वेगळ्या झाल्या, तेव्हा कोणाला तरी जुन्या याकोबाची आठवण करून द्यावीशी वाटली. दोन्ही वाटांनी गेलो तरी पत्राची धार तीच राहते. अभ्यासाने धार वाढत असेल तर तो अभ्यास करावा. धार बोथट करायला सही तपासत बसायची, एवढ्यालाच माझा विरोध आहे. मजूर पैसे मागायला आला की 'अर्जावर सही कोणाची?' असे विचारणारे कारकून आपण पाहिलेले असतात.

नारायण वामन टिळकांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय संपवता येत नाही. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ती गाडी आमच्याच भंडारा जिल्ह्यातून जाते. टिळक वाचत वाचत डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचले आणि तिथे अडकले, आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सगळ्या पत्रांत त्या प्रवचनाच्या सर्वांत जवळचे पत्र याकोबाचे. टिळक गेले त्या वाटेने सगळ्यांनी जावे असे नाही, मीही गेलेलो नाही. पण आपल्या धर्माचे नसलेले पुस्तक इतके मन लावून वाचता येते, हे त्या प्रवासावरून शिकण्यासारखे आहे.

असो. ज्यांच्या घरी बायबल असेल त्यांनी हे पत्र एकदा सलग वाचावे. अर्ध्या तासाचे काम. नसेल तर कोणाकडून मागून घ्यावे. आणि वाचण्याआधी एवढे करावे : आपल्याकडून कोणाचे काही देणे राहिले आहे का, बाईचे, गड्याचे, दूधवाल्याचे, ते पाहून घ्यावे. ते चुकते करून बसले की पत्र जास्त स्वच्छ वाचता येते.